आपल्याला काय सहज जमतं, हे जवळच्या माणसांना कधी विचारलंय का?

लिंबाचीपोळ | सोमवार, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात, खरेदी विभागात आजवरची सगळी नोकरी झाली. कोटेशन मागवायची, भाव ठरवायचा, पीओ (खरेदीची ऑर्डर) काढायची, माल वेळेत गेटवर आला का ते बघायचं. यंदा कारखाना दुसरीकडे हलला आणि आमचा विभागच बंद झाला. वय पन्नाशीच्या आसपास. मुलाचं शिक्षण मार्गी लागलंय, घर स्वतःचं आहे, त्यामुळे उद्याची चिंता नाही. पण हातपाय धड असताना घरी बसून राहणं मला जमायचं नाही.

खंडेराव मार्केटला भाजी घ्यायला गेलं तरी कुणीतरी विचारतंच, "मग आता पुढे काय?" नवीन काम शोधायचं तर आधी बायोडेटा हवा. तो लिहायला बसले. "कौशल्ये" या शब्दापुढे खरेदी, एक्सेल, वाटाघाटी एवढंच सुचलं. ही सगळी शिकून घेतलेली कामं. न शिकवता मला काय येतं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शाळेपासूनची मैत्रीण म्हणाली, "हे तुझं तुला नाही सापडायचं. तुला काम करताना ज्यांनी बघितलंय त्यांना विचार."

मग विचारलं. घरच्यांना, जुन्या सहकाऱ्यांना, शेजाऱ्यांना, आमच्याकडे माल आणणाऱ्या टेम्पोवाल्या भाईंनाही. उत्तरं मनापासून आली, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ लागत नाही. जाऊबाई लग्नातल्या मंगलाष्टकांचं लिहितात, समोरच्या बेन वर्गणीच्या वहीचं, टेम्पोवाले भाई पाइप कसे भरले त्याचं, आणि मुलगा म्हणतो की तू भाजीवाल्याशी न भांडता भाव कमी करून घेतेस. ज्या खरेदीचा मला पगार मिळाला तिच्याबद्दल जवळजवळ कुणीच लिहिलं नाही. याचं थोडं वाईटही वाटलं.

तुमच्यापैकी कुणी असं विचारून पाहिलंय का? विचारलं असेल तर आलेल्या उत्तरांचं केलंत काय?

---

कोठीरोड | सोमवार, रात्री ९:५२

ताई, विषय महत्त्वाचा आहे, पण मला एक शंका आहे. आपल्या माणसांना विचारलं तर ती गोडच बोलणार. मी कारखान्यातच आयुष्य काढलं, हाताखाली भरपूर माणसं होती. ज्याला माझी सही हवी असायची तो मला खरं सांगणं शक्यच नव्हतं. निवृत्तीच्या समारंभात तर प्रत्येकानं माइक हातात घेऊन तेच सांगितलं, "साहेब मनमिळाऊ, साहेब शिस्तप्रिय." घरी येऊन विचार केला, यातून मला माझ्याबद्दल काय कळलं? काहीच नाही.

तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं तत्त्वतः पटतं. पण ज्याचं आपल्यावाचून अडतं तो खरं बोलत नाही आणि ज्याचं अडत नाही त्याला आपल्याबद्दल बोलायची गरज वाटत नाही. मग विचारायचं तरी कुणाला?

---

वाचनवेडी | सोमवार, रात्री १०:०३

वाचतेय. कोठीरोडकाकांच्या शंकेला +१.

---

निळीशाई | सोमवार, रात्री ११:२०

मी इथेच मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवलं नाही.

काका, तुमच्या समारंभात लोकांनी विशेषणं दिली. विशेषण द्यायला काही आठवावं लागत नाही. "मनमिळाऊ" हे कुणालाही लावता येतं आणि त्यानं कुणी दुखावतही नाही. प्रसंग सांगायचा तर माणसाला खरोखर काहीतरी आठवावं लागतं आणि खोटा प्रसंग रचणं बहुतेकांना जमत नाही. लिंबाचीपोळ ताईंना आलेली उत्तरं बघा, मंगलाष्टकं, वही, पाइप. यात एकही विशेषण नाही. म्हणून मला ती मोलाची वाटतात, मेळ लागो न लागो.

ही पद्धत अभ्यासली गेलेली आहे. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली चार चौकटींची एक आकृती मांडली. दोघांच्या नावांची सुरुवात जोडून तिला "जोहारी खिडकी" म्हणतात. एका चौकटीत स्वतःला आणि इतरांनाही माहीत असलेलं, दुसरीत फक्त स्वतःला माहीत असलेलं, तिसरीत इतरांना दिसतं पण स्वतःला दिसत नाही असं, आणि चौथीत कुणालाच माहीत नसलेलं. ताई विचारताहेत ते तिसऱ्या चौकटीतलं. वर्गात हा खेळ घेतात तेव्हा ५६ विशेषणांच्या यादीतून निवडायचं असतं, आणि मला ती त्यातली उणीव वाटते. वर काकांनी सांगितलं त्याच कारणानं.

पुढे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात याची अधिक कामाची रीत तयार झाली. २००५ साली ती उद्योगक्षेत्रातल्या वाचकांपर्यंत पोचली. तिच्यात ओळखीच्या माणसांकडून विशेषणं घ्यायचीच नाहीत. "मी माझ्या सर्वोत्तम रूपात तुम्हाला कधी दिसले" याचे ठरावीक प्रसंग लिहून मागायचे, सगळे जमले की एकत्र वाचायचे आणि त्यांतला समान धागा शोधायचा. मग त्यावरून स्वतःचं चित्र लिहून काढायचं आणि आपल्या कामात त्याला कुठे वाव देता येईल ते बघायचं.

कुणाला विचारावं, यावर उद्या लिहिते. पेपर तपासायचेत.

---

अनुस्वार | मंगळवार, सकाळी ७:४०

ताई, जमत असेल तर आलेली उत्तरं जशीच्या तशी टाकाल? नावं काढून. तुम्ही दिलेल्या एकेका ओळीच्या सारांशात त्यांचा जीव गेलाय असं वाटतंय.

---

लिंबाचीपोळ | मंगळवार, दुपारी १:३०

सगळ्यांना विचारून, परवानगी घेऊन टाकतेय.

जाऊबाई: "दिरांच्या लग्नात मी आत पुऱ्या तळत होते. तुम्ही आलात, झारा माझ्या हातातून घेतलात आणि म्हणालात, बाहेर चल, मंगलाष्टकं तू म्हणायची. मी काम करताना गुणगुणते एवढंच घरात माहीत होतं. माझे पाय लटपटत होते. त्यानंतर नात्यात प्रत्येक लग्नात मला बोलावणं येतं."

समोरच्या बेन (त्यांनी गुजरातीत लिहिलंय, मी मराठीत आणलं): "आपल्या पोळमधल्या (गल्लीतल्या) गणपतीला तुम्ही वर्गणीची वही माझ्याकडे दिलीत. आमच्या घरचेच म्हणाले, हिला काय समजणार. तुम्ही म्हणालात, दुधाच्या कॅलेंडरवर यांची कधी एक पिशवी इकडची तिकडे होत नाही, वर्गणीची कशी होईल. तेव्हापासून वही माझ्याकडेच आहे."

टेम्पोवाले भाई, व्हॉइस नोटवर: "बेन, त्या दिवशी पावसात लांब पाइप आणि पॅनेलचे खोके एकाच फेरीत आणले होते. तुम्ही गेटवर येऊन टेम्पोच्या मागे उभ्या राहून नुसत्या बघत होतात. मला वाटलं आता बोलणी बसणार. तुम्ही विचारलंत, हे असं भरायला कुणी शिकवलं? आणि दुसऱ्या दिवशी शेठना फोन करून सांगितलंत की बाकीच्यांना याच्याकडून भरायला शिकवा. आज मी गाडी चालवत नाही, गोडाऊनचं लोडिंग बघतो."

स्टोअरचे काका: "तुम्ही भाव पाडायच्या हे सगळेच सांगतील. मला आठवतो तो इनवर्डला, म्हणजे आलेल्या मालाच्या नोंदीला बसणारा पोरगा. एंट्रीत सारखा घोटाळा करायचा, साहेब त्याला काढायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, त्याची नजर बघा, वाकडा तुकडा तो दुरून ओळखतो, त्याला तपासणीवर बसवा. तो टिकला."

मुलगा: "भाजीवाल्याशी तू भावावर बोलतच नाहीस. त्याच्या मुलीच्या चित्राबद्दल बोलतेस. (त्याची मुलगी हातगाडीवर बसून खडूनं चित्रं काढते, फार छान काढते.)"

---

अनुस्वार | मंगळवार, दुपारी २:०५

ताई, मेळ अगदी स्वच्छ लागतोय हो! गाणारी जाऊ, हिशेब ठेवणाऱ्या बेन, माल रचणारे भाई, नजर असलेला पोरगा, चित्रं काढणारी मुलगी. प्रत्येक प्रसंगात दुसऱ्याच्या अंगात काय आहे ते तुम्हाला इतरांच्या आधी दिसलंय. आणि तुम्ही नुसतं "छान" म्हणून थांबला नाहीत, त्या माणसाला त्याच्या कामाच्या जागी नेऊन बसवलंत. पुऱ्या तळणारीला मांडवात, इनवर्डवाल्याला तपासणीवर.

तुम्ही "मला काय येतं" असं विचारताय आणि ज्यांना विचारलंय ती सगळी माणसं स्वतःला काय येतं ते तुमच्यामुळे ओळखून आहेत.

---

वाचनवेडी | मंगळवार, दुपारी २:११

अनुस्वार, अगदी अगदी. वाचताना अंगावर काटा आला.

---

लिंबाचीपोळ | मंगळवार, दुपारी ४:४५

मघापासून प्रतिसाद लिहायचा म्हणतेय, पण काही सुचत नव्हतं.

अनुस्वार, ही उत्तरं मी परत परत वाचली होती आणि मला हे दिसलं नव्हतं. मला वाटायचं की हे सगळ्यांनाच दिसतं. जाऊ इतकी सुरात गुणगुणत होती, ते ऐकू न येणं कसं शक्य आहे? तो मुलगा तुकडा हातात घ्यायच्या आधीच "हा परत पाठवा" म्हणायचा. यात माझं काही विशेष आहे, हे आज पहिल्यांदा कुणीतरी सांगतंय.

---

निळीशाई | मंगळवार, रात्री १०:३०

"मला वाटायचं हे सगळ्यांनाच दिसतं." ताई, उपजत गुणाची याहून चांगली खूण मला माहीत नाही. जे कष्टानं मिळवलं त्याचे कष्ट लक्षात राहतात, म्हणून ते बायोडेटात येतं. जे कष्टाविना येतं त्याची नोंदच होत नाही. उलट इतरांना ते जमत नाही याचं आपल्याला नवल वाटतं, कधी कधी रागही येतो. "एवढं साधं कसं कळत नाही यांना" असं आपण ज्या बाबतीत वारंवार म्हणतो, तिथे जरा थांबून बघावं.

आता कुणाला विचारायचं ते. सिमीन वझीर या संशोधिकेनं २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. माणूस स्वतःबद्दल जे सांगतो, त्याचे मित्र सांगतात आणि अनोळखी माणसं सांगतात, यांत अधिक अचूक कोण? निघालं असं की मनातली काळजी, अस्वस्थता असल्या आतल्या गोष्टी माणसाच्या स्वतःला जास्त नीट कळतात. पण बुद्धी, कल्पकता अशा, ज्यांना चांगलं-वाईट असं मोल चिकटलेलं असतं, त्या बाबतीत मित्रांचा अंदाज जास्त बरोबर येतो. म्हणून आपली भीती, आपलं दुःख दुसऱ्याला विचारायला जाऊ नये, ते आपलं आपण जाणावं. आपली गती कशात आहे, हे मात्र मित्राला विचारावं.

मित्र म्हणजे मात्र ज्यानं आपल्याला काही करताना पाहिलंय तो. नुसता गप्पांचा मित्र याला पुरत नाही.

---

सयाजीबाग | बुधवार, सकाळी ८:१५

धागा बडोद्याचा आहे तर बडोद्याची एक गोष्ट सांगतो. कलाभवन ही कला आणि तंत्रशिक्षणाची संस्था १८९० साली सुरू झाली, आजच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीचं ते मूळ. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर, रसायनशास्त्राचे माणूस. त्या सुरुवातीच्या काळात तिथे दादासाहेब फाळके शिकत होते. चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला, फोटोग्राफी, सगळ्यात हात घालत होते. असा विद्यार्थी आजच्या घरात असता तर "एक काही धड कर" म्हणून बोलणी खाल्ली असती. गज्जरांनी त्यांना रतलामला पाठवलं, ब्लॉक बनवणं आणि डार्करूमची तंत्रं शिकायला. छपाई आणि छायाचित्र या दोन्ही वाटा पुढे त्यांना कुठे घेऊन गेल्या ते आपण जाणतोच, १९१३ साली त्यांचा पहिला चित्रपट आला.

मला यात गज्जर मोठे वाटतात. विद्यार्थ्याचा हात कुठे रमतो ते बघायचं आणि त्याला त्या दिशेनं गाडीत बसवून द्यायचं. लिंबाचीपोळ ताई टेम्पोवाल्या भाईंच्या शेठना फोन करतात तेव्हा ते हेच काम आहे.

---

कोठीरोड | बुधवार, सकाळी ९:३०

सयाजीबाग, गोष्ट आवडली. पण याच गावातली दुसरी गोष्ट मला उलट्या बाजूची वाटते. १८७५ साली नाशिककडच्या कवळाण्याहून तीन मुलं बडोद्याला आणली. त्यांतल्या गोपाळला महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं आणि तो सयाजीराव झाला. बारा वर्षांचा, शाळेचं फारसं तोंड न पाहिलेला शेतकऱ्याचा मुलगा. कवळाण्यात त्या वेळी कुणाला विचारलं असतं की या मुलात काय आहे, तर काय उत्तर मिळालं असतं? गुरं चांगली वळतो, एवढंच. इथे आल्यावर शिक्षक लाभले, १८८१ पर्यंत कसून शिकवलं, तेव्हा कुठे राजा घडला. पुढे सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणणारा हा माणूस होता. स्वतः शिकल्यावर काय होतं, हे त्यानं अनुभवलं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं की जवळच्यांना विचारून आजवर दिसलेलं तेवढंच कळेल. ज्याला वावच मिळाला नाही ते कुणाला दिसणार?

---

पानगळ | बुधवार, रात्री ११:५०

कोठीरोडकाकांनी माझ्या मनातलं लिहिलं. लॉगइन करून लिहायचं खूप दिवस टाळत होते.

माझं लग्न होऊन बडोद्याला आले त्याला बराच काळ झाला. सासरी कुणालाही विचारा, "हिच्या हाताला चव आहे" म्हणतील. माहेरी विचारा, "अक्षर मोत्यासारखं." दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही ऐकून मला आत काहीतरी मिटल्यासारखं होतं. सासरच्यांनी मला स्वयंपाकघरातच पाहिलं, मग त्यांना चव दिसली. माहेरच्यांनी वह्या पाहिल्या, त्यांना अक्षर दिसलं. माणूस आपल्याला ज्या जागी बघतो, त्या जागेपुरतंच त्याला आपण कळतो. बायकांच्या बाबतीत त्या जागा ठरलेल्या असतात.

मी आणंदला नोकरी करते, रोज अपडाऊन. हा धागा वाचून मी आमच्या डब्यातल्या पासवाल्या मैत्रिणींना विचारलं. त्यांनी मला ना स्वयंपाक करताना पाहिलंय, ना लिहिताना. एकीनं लिहिलं: "गाडी वासदच्या आधी थांबली की सगळ्या तुलाच खाली पाठवतात. तू गार्डशी बोलून येतेस आणि तो जे बोलला ते त्याच्या आवाजात, त्याच्या हातवाऱ्यांसकट सांगतेस. कोण आधी बोललं, कोण मधेच आलं, काही गाळत नाहीस. तुझं ऐकलं की आम्ही तिथे उभ्या होतो असं वाटतं. आणि तू सांगितलेलं कधी खोटं निघालं नाही." दुसरीनं वेगळ्याच दिवसाचा प्रसंग लिहिला, डब्यात भांडण झालं होतं आणि पोलीस आले होते तेव्हाचा. तिनंही हेच. "सगळे एकदम बोलत होते. त्यांनी शेवटी तुझंच लिहून घेतलं."

याला माझ्या घरी बडबड म्हणतात. लहानपणापासून "किती बोलतेस" ऐकत आले, आणि घरात बोलणं हळूहळू कमी करत गेले.

डब्यातल्या बायकांनी हे लिहिलंय ते मी प्रिंट काढून कपाटात ठेवलंय. त्याचं काय करायचं ते अजून माहीत नाही.

---

निळीशाई | गुरुवार, सकाळी ६:५०

पानगळ, तुम्ही लिहिलेलं मी वर्गात वाचून दाखवू का? तुमची ओळख कुठे येणार नाही. एकाच घरातल्या, एकाच ऑफिसातल्या माणसांना विचारून का भागत नाही, हे मी इतकी वर्षं समजावतेय, इतक्या नेमकेपणानं मला कधी सांगता आलं नाही.

आणि पाहिलेलं, ऐकलेलं जसंच्या तसं, क्रम न चुकवता सांगणं फार थोड्यांना जमतं. साक्ष देताना, बातमी लिहिताना, रुग्णाचा इतिहास डॉक्टरांना सांगताना त्याची किंमत कळते.

---

पानगळ | गुरुवार, सकाळी ७:३५

जरूर वाचा.

---

पुण्यातलाबडोदेकर | गुरुवार, दुपारी १२:२०

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मी आयटीत आहे. टीममध्ये विचारलं तर सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं की क्लायंट भडकला की तुला पुढे करावं, तू पाच मिनिटांत त्याला शांत करतोस. प्रसंगांसकट सांगितलं, त्यामुळे खरं असणार. पण मला ते काम मनापासून नको असतं. कॉल संपला की डोकं धरून बसतो. आता मॅनेजर म्हणतोय, हाच तुझा रोल, यातच पुढे जा. जे जमतं ते आवडलंच पाहिजे का?

---

अनुस्वार | गुरुवार, दुपारी १२:५५

अजिबात नाही. जमतं म्हणून त्याचीच चाकरी करायची असं कुठे लिहिलंय?

पण एक बघा. तुम्हाला नको आहे ते नेमकं काय? समोरच्याचं चिडणं सोसणं, की शांत करणं? मी इस्पितळात नर्स आहे. माझ्या एका सहकारी सिस्टरला घाबरलेल्या माणसाला धीर देणं उत्तम जमतं. अपघात विभागात ती कोमेजून गेली होती. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीच्या वॉर्डात बदली झाली आणि तीच सिस्टर खुलली. गुण तोच, समोरचा माणूस वेगळा. तुमच्या टीममध्ये नवीन मुलं पहिल्या डिलिव्हरीला घाबरत असतील, त्यांच्याजवळ बसून बघा, तेव्हाही डोकं दुखतं का.

---

पुण्यातलाबडोदेकर | गुरुवार, दुपारी १:१०

नाही दुखत. ते करतो मी, पण ते कुणी मोजत नाही. मॅनेजरशी या अंगानं बोलून बघतो.

---

शंकासुर | गुरुवार, दुपारी ३:००

एवढा खटाटोप करण्यापेक्षा त्या ऑनलाइन चाचण्या देऊन मोकळं होता येत नाही का?

---

निळीशाई | गुरुवार, संध्याकाळी ७:१५

द्या की. क्लिफ्टनची ३४ गटांची आहे, तिला पैसे पडतात. २४ गुणांची व्हीआयए विनाशुल्क आहे. पण दोन्हींत उत्तरं तुम्हीच देता, म्हणजे पुन्हा स्वतःचीच नजर. लिंबाचीपोळ ताईंनी चाचणी दिली असती तर "मला माणसातला गुण दिसतो" या वाक्यापुढे त्यांनी बहुधा "सगळ्यांइतपत" अशीच खूण केली असती.

---

आईचीडायरी | गुरुवार, रात्री ९:४०

मुलांच्या बाबतीत कृपया जपून. आमच्या सोसायटीत हल्ली आयाबाया मुलांवर शिक्के मारायला लागल्यात, "हा मॅथ्सवाला, ही डान्सवाली." क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांचा १९९८ चा अभ्यास मला शिक्षिका म्हणून कायम आठवतो. पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना सांगितलं, तू हुशार आहेस. काहींना, तू मेहनत घेतलीस. ज्यांना हुशार म्हटलं ती मुलं पुढे अवघड कोडी टाळायला लागली आणि एकदा अपयश आल्यावर लवकर सोडून देऊ लागली. हुशारीचा शिक्का पुसला जाईल ही भीती.

म्हणून मुलाला नाव चिकटवू नका, केलेली गोष्ट सांगा. "तू चित्रकार आहेस" असं म्हणण्यापेक्षा "पाण्यातली सावली तू वाकडी काढलीस, खरी सावली तशीच दिसते" हे सांगितलं की मूल दुसऱ्या दिवशी परत पाण्याकडे बघायला जातं.

---

कोठीरोड | शुक्रवार, सकाळी ८:००

वरचा प्रतिसाद पटला. मोठ्यांनाही तेच लागू पडतं.

ताई, तुम्ही लोकांना विचारलंत ते नेमक्या कोणत्या शब्दांत? मला विचारायचंय, पण शब्द सापडत नाहीत.

---

लिंबाचीपोळ | शुक्रवार, दुपारी २:२०

काका, मी पाठवलेला मजकूर असा:

"तुम्ही मला काम करताना पाहिलं आहे. मी एखादी गोष्ट करत असताना तुम्हाला कधी वाटलं असेल की हे हिला सहज येतं, तर तो एक प्रसंग मला लिहून पाठवाल? स्तुती नको, घडलं तेवढंच. घाई नाही, आठवेल तेव्हा पाठवा."

ग्रुपवर टाकू नका, प्रत्येकाला वेगळा पाठवा. ग्रुपवर पहिल्यानं जे लिहिलं तेच पुढचे सगळे लिहितात. उत्तर आलं की "छे छे, त्यात काय एवढं" असं म्हणायचा मोह होतो, तो आवरायचा, नाहीतर समोरचा पुढचं लिहीत नाही. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांना व्हॉइस नोट पाठवायला सांगा. टेम्पोवाल्या भाईंनी लिहिलं असतं तर दोन ओळींत संपवलं असतं, बोलले म्हणून पावसापासून सगळं सांगितलं. आणि ज्यांचं आता तुमच्यावाचून काही अडत नाही अशांना मुद्दाम विचारा. तुमच्या पहिल्या शंकेवर मला हाच मार्ग दिसतो. माझी नोकरी गेल्यावर मी विचारलं, त्यामुळे स्टोअरच्या काकांना माझ्याकडून काहीच मिळणार नव्हतं.

माझं म्हणाल तर बायोडेटा बाजूला ठेवलाय. आमच्याकडे स्पेअर पार्ट देणारे एक छोटे कारखानदार आहेत, त्यांच्याकडे माणसं टिकत नाहीत ही त्यांची जुनी तक्रार. त्यांना फोन केला आणि म्हटलं, मला काही दिवस तुमच्या शॉपफ्लोअरवर नुसतं बसू द्या, कुणाला कुठे बसवावं ते सांगते, पटलं तर पुढे बोलू. ते म्हणाले, सोमवारपासून या. पगाराचं अजून काही बोललेलो नाही.

---

पानगळ | शुक्रवार, रात्री १०:१०

ताई, सोमवारसाठी खूप शुभेच्छा. हाच मजकूर गुजरातीत द्याल का? आमच्या डब्यातल्या आणखी दोघींना पाठवायचाय, त्या मराठी वाचत नाहीत.

---

लिंबाचीपोळ | शुक्रवार, रात्री १०:४०

समोरच्या बेनना पाठवला होता तो असा:

"तमे मने काम करती जोई छे. क्यारेक तमने थयुं होय के आ तो आने सहेजे आवडे छे, तो एवो एकाद प्रसंग मने लखी मोकलजो ने. वखाण नहीं, जे बन्युं होय ए ज. उतावळ नथी."

---

कोठीरोड | रविवार, सकाळी ११:३०

विचारलं. कारखान्यातल्या माझ्या जुन्या हेल्परला, त्याचं आता माझ्यावाचून काहीही अडत नाही. त्यानं फोनच केला. म्हणाला, "साहेब, कॉम्प्रेसर बंद पडला की बाकीचे इंजिनिअर आधी मॅन्युअल उघडायचे. तुम्ही यायचात, स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचात. मग बोट ठेवून सांगायचात, इथे उघड. आम्ही पाठीमागे पैज लावायचो आणि जो तुमच्या विरुद्ध लावायचा तो हरायचा."

ती पैज मला आजवर माहीत नव्हती. आवाजावरून बिघाड ओळखणं मी कुणाला शिकवलं नाही, कारण ते शिकवण्यासारखं आहे असं वाटलं नव्हतं. उद्या तरसालीच्या आयटीआयमध्ये जाऊन विचारणार आहे की मुलांबरोबर आठवड्यातून एखादा दिवस बसू देतील का.

---

सयाजीबाग | रविवार, दुपारी १२:०५

काका, कोठी रोडवरून तुम्हाला गोरव्याची आयटीआय जवळ पडेल. तिथेही विचारा.